जपानमध्ये सहकुटुंब बाहेर जेवताना: आधी दुकानाचं स्वयंपाकघर ओळखा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून कावासाकीला आलात. तुम्ही चिकन आणि अंडं खाता, वहिनी शाकाहारी आहेत (केकमधलं अंडं चालतं), मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला तिखट नको असतं. सुट्टीच्या दिवशी बाहेर जेवायला निघालात की तासभर काचेतले खोटे पदार्थ आणि फोटो बघत फिरता आणि शेवटी फ्रेंच फ्राइजवर भागवून घरी येऊन खिचडी टाकता. ऑफिसातले लोक दुपारी जेवायला बोलावतात, तेव्हाही पंचाईत होते. एप्रिलमध्ये आई येणार आहेत आणि त्या कांदा-लसूणही खात नाहीत. म्हणून तुम्हाला ‘शाकाहारी हॉटेलांची यादी’ हवी आहे.

काही नावं पुढे येतीलच, पण यादीने तुमचं भागणार नाही. यादीतलं दुकान नेमकं तुम्ही भुकेले असता त्या स्टेशनवर नसतं. तुमची खरी अडचण अशी आहे की दारात उभं राहून आत काय मिळेल याचा अंदाज बांधता येत नाही. तो बांधता येतो. त्यासाठी मेन्यू वाचण्याआधी त्या दुकानाचं स्वयंपाकघर कसं चालतं हे ओळखावं लागतं. विद्यार्थी असताना आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करायची परवानगी मिळते. माझे ते तास एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेले, आधी हॉलमध्ये आणि मग किचनमध्ये. आता भारतातून येणाऱ्या कुटुंबांची इथे घडी बसवून द्यायचं काम करते. खाली लिहिते आहे ते या दोन्ही कामांतून आलेलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट तुमच्यावर सोडते, कारण ती मी ठरवू शकत नाही: तुमच्या घरची रेघ कुठे आहे? इथे शाकाहाराच्या पायऱ्या आपल्यापेक्षा वेगळ्या पडतात. पहिल्या पायरीवर ताटात मांसाचा किंवा माशाचा तुकडा दिसायला नको, एवढंच असतं. दुसऱ्या पायरीवर मांसाचा अर्क आणि चरबी नको, पण माशाचं दाशी चालवून घेता येतं. तिसरीवर दाशीही नको. चौथीवर वेगळं तेल, वेगळी भांडी हवीत. दाशी म्हणजे सुकवून, किसून घेतलेल्या कात्सुओ माशाचं आणि कोम्बू या समुद्री वनस्पतीचं पाणी. मिसो सूप, उदोन-सोबा या नूडल्सचा रस्सा, तेम्पुरा या जपानी भज्यांबरोबरची बुडवायची वाटी, उकडून शिजवलेल्या भाज्या, बहुतेक जपानी पद्धतीची ऑम्लेटं, सगळ्यात ते असतं. जपानमध्ये वर्षानुवर्षं राहिलेली कित्येक मराठी कुटुंबं दुसऱ्या पायरीवर येऊन थांबलेली मी पाहिली आहेत आणि तिसरी न सोडणारीही पाहिली आहेत. दोन्हींचं नीट चालतं. हाल होतात ते रोज टेबलावर बसल्यावर नव्याने ठरवणाऱ्यांचे. तेव्हा वहिनींशी हे घरी, पोट भरलेलं असताना बोलून घ्या. मी पुढचं सगळं त्या तिसऱ्या पायरीवर आहेत असं धरून लिहिते. खाली उतरायचं असेल तर पर्याय वाढतील.

आता स्वयंपाकघर. साखळी दुकानांत, म्हणजे ज्यांच्या शाखा गावोगाव दिसतात त्यांत, बहुतेक स्वयंपाक दुकानात होत नाही. सॉस, सूप, करी, मॅरिनेट केलेलं मांस हे बहुतेक मध्यवर्ती कारखान्यातून पिशव्यांत बंद होऊन येतं. दुकानात ते गरम होतं, ताटात मांडलं जातं आणि वरून काहीतरी भुरभुरलं जातं. त्यामुळे ‘यातलं चिकन काढून द्या’ म्हटलं की हॉलमधली मुलगी गोंधळते. तिला तुम्हाला नाही म्हणायचं नसतं, पण पिशवीतल्या सॉसमधून कोणी काही काढू शकत नाही. फोडणी पडल्यावर हिंग मागे घेता येत नाही, तसंच हे. मात्र जे शेवटी वरून पडतं ते सहज टाळता येतं: सॅलडवरचे बेकनचे तुकडे, थंड तोफूवरचा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाचा, कीस, पास्तावरची अंड्याची बलकं, ड्रेसिंग. म्हणून फोटोकडे बघताना मनात एकच प्रश्न ठेवा: मला नको ती वस्तू आत मुरली आहे की वरून पडली आहे? मुरली असेल तर तो पदार्थ सोडून द्या. वरून पडली असेल तर मागा.

एकट्या मालकाच्या छोट्या दुकानात गणित उलटं असतं. तिथे मालक स्वतः कढईपुढे उभा असतो, त्याच्याकडे भाज्या असतात आणि इच्छा असली तर तो नुसत्या मिठा-तेलावर वांगी परतून देऊ शकतो. पण दुपारी बारा ते एकमध्ये नाही. दारात रांग असताना त्याला वेगळं काही मागणं म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना थांबवणं. असं दुकान आवडलं तर दुपारी दीडनंतर किंवा संध्याकाळी उघडल्या उघडल्या जा, आणि दोन-तीनदा जा. बरीच छोटी दुकानं दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला बंद होऊन पाचला पुन्हा उघडतात, त्या मधल्या वेळात दार वाजवू नका. ओळख झाली की तुमच्यासाठी काहीतरी आपोआप निघतं. आमच्या घराजवळच्या एका इझाकायात, म्हणजे संध्याकाळच्या खाण्यापिण्याच्या दुकानात, माझ्यासाठी शिमला मिरची आणि शिइताके मशरूम मीठ लावून भाजले जातात, मला सांगावंही लागत नाही. पण हे एका दिवसात होत नाही आणि प्रत्येक मालकाबरोबर होतंच असंही नाही.

या रीतीने दुकानांच्या जाती बघू. सगळ्या सारख्या कामाच्या नाहीत.

फॅमिली रेस्टॉरंट हे तुमचं पहिलं ठिकाण. साइझेरिया, गुस्तो, डेनीज, रॉयल होस्ट ही त्यातली नावं. मुलीसाठी उंच खुर्ची, छोटे काटे-चमचे, लहान मुलांचा मेन्यू, आणि ड्रिंक बार, जिथे एकदा पैसे भरले की हवं तितक्यांदा ग्लास भरून आणता येतो. साइझेरिया इटालियन वळणाची आणि खिशाला हलकी आहे. मार्गारिटा पिझ्झा, फोकाचा ब्रेड, साधं सॅलड यावर वहिनींचं जेवण होतं, तुम्ही तुमचं चिकन घ्या. तिथला सर्वांत प्रसिद्ध स्वस्त पदार्थ म्हणजे मिलान पद्धतीचा दोरिया, भातावर पांढरा सॉस आणि चीज. फोटोत निरागस दिसतो, पण वर खिम्याचा सॉस असतो. पूर्वी तिथे पदार्थाचा क्रमांक कागदावर लिहून द्यायचा असे, आता बऱ्याच शाखांत फोनवरून क्यूआर कोडने ऑर्डर जाते. बाकीच्या साखळ्यांत टेबलावर टॅब्लेट असतो आणि त्यात बहुतेक ठिकाणी इंग्रजी निवडता येतं. टॅब्लेट हे माणसापेक्षा जास्त सोयीचं प्रकरण आहे, कारण काय वगळता येतं ते तिथे आधीच लिहिलेलं असतं आणि तुम्ही किती वेळ विचार करता याची कोणी वाट बघत उभं नसतं.

‘यासाइ’, म्हणजे भाज्या, हा शब्द पदार्थाच्या नावात दिसला की मात्र सावध व्हा. यासाइ करी म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसवर भाज्या. यासाइ रामेन म्हणजे हाडांच्या सूपवर भाज्यांचा ढीग. परतलेल्या यासाइमध्ये डुकराचे पातळ काप असतातच. मशरूम पास्तात बेकन, बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम, कोरोक्के नावाच्या बटाटेवड्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूत खिमा, मिनेस्त्रोनेत पुन्हा बेकन. इथे भाजी या शब्दाने फक्त भाजी आहे एवढंच कळतं, बाकी काय नाही हे कळत नाही.

करीच्या दुकानांपैकी कोको इचिबान्या तुमच्या कामाचं आहे. १९७८ साली आइची प्रांतात सुरू झालेली ही साखळी आता सगळीकडे आहे. नेहमीचा सॉस डुकराच्या मांसाचा असतो, पण प्राणिज घटक न वापरलेली शाकाहारी करी अनेक शाखांत वेगळी मिळते. भाताचं प्रमाण, तिखटाची पातळी, वर पालक की वांगं, सगळं तुम्ही निवडता. पातळी आपल्या जिभेने बघा, मुलीला सर्वांत कमीची द्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा: प्रत्येक शाखेत ही करी असेलच असं नाही, आणि तळलेले टॉपिंग एकाच तेलातून निघतात.

फिरत्या पट्ट्याची सुशी. मासे न खाणाऱ्या माणसाला मी सुशीच्या दुकानात का पाठवते, असं तुम्हाला वाटेल. पण सहा वर्षांच्या मुलीसह मिश्र खाणाऱ्या कुटुंबाला यासारखी जागा नाही. प्रत्येक ताटली वेगळी, प्रत्येकाची निवड वेगळी, आणि ऑर्डर केलेली ताटली सरसरत टेबलापाशी येऊन थांबते, यावर मुलं खूश असतात. वहिनींसाठी काकडीचा कप्पामाकी, कॉर्न-मेयोची ताटली, फ्राइज, फळं, केक. गोड तोफूच्या पिशवीत भरलेला इनारी आणि अंड्याचं तामागो हे दाशीवाले आहेत, तिसऱ्या पायरीवर सोडावे लागतील. चवानमुशी हे वाटीतलं कस्टर्डसारखं दिसणारं प्रकरण तर निव्वळ दाशी आणि अंडं. कुरा सुशीत पाच रिकाम्या ताटल्या टेबलाच्या फटीत सरकवल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो आणि नशीब असेल तर खेळणं मिळतं. काकडीच्या ताटल्याही त्यात मोजल्या जातात, तेव्हा वहिनींचं योगदान वाया जात नाही.

नूडल्सच्या दुकानांबद्दल थोडक्यात: दुसऱ्या पायरीवर असाल तर उदोन-सोबा तुमचं आहे, तिसरीवर असाल तर सोडा. सगळा जीव रश्श्यात असतो आणि रस्सा दाशीचा. थंड झारु सोबाबरोबर बुडवून खायला येणारं काळं त्सुयुसुद्धा तेच. स्वतः ट्रे घेऊन पुढे सरकायच्या उदोनच्या दुकानात रताळं, भोपळा, वांगं यांचा तेम्पुरा मीठ लावून खाता येतो, पण तेल कोळंबीचंही तेच. रामेन तर डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांवरच उभं आहे. ज्यांना रामेन खायचंच आहे त्यांना मी तोक्यो स्टेशनच्या आत, तिकिटाच्या फाटकांच्या आतल्या बाजूला, टीज तानतान दाखवते. ते पूर्ण व्हीगन आहे, तिथे काही विचारावं लागत नाही. ग्यूदोनच्या म्हणजे बीफ-भाताच्या दुकानांत शाकाहारी माणसाने जाण्यात अर्थ नाही, आणि घरात गोमांस चालत नसेल तर तुम्हीही दारातला फोटो नीट बघा, कारण स्वस्त आणि सर्वत्र असल्यामुळे नवीन माणूस तिथेच आधी शिरतो.

ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही ती म्हणजे जुन्या वळणाची कॉफीची दुकानं, किस्सातेन. सकाळी कॉफी किंवा चहा मागितला की टोस्ट फुकट, ही नागोया भागाची पद्धत. कोमेदा ही तिथलीच साखळी सकाळी अकरापर्यंत हे देते आणि टोस्टबरोबर उकडलेलं अंडं की गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण, ते तुम्ही निवडता. लोणी लावलेल्या जाड ब्रेडवर ते सारण आपल्या पुरणाच्या बहिणीसारखं लागतं. रविवारची सकाळ तिथे काढा. दुपारच्या जेवणाची चिंता अर्धी होते.

आणि मॉलमधलं फूड कोर्ट. त्याला कमी समजू नका. प्रत्येकाने वेगळ्या खिडकीतून घ्यायचं, हातात दिलेला बझर वाजला की ताट आणायचं आणि एका टेबलावर बसायचं. तुम्ही चिकन, वहिनी पिझ्झा, मुलगी क्रेप. कोणालाही कोणाच्या दुकानात अडकून पडावं लागत नाही. नव्या कुटुंबांना मी पहिल्या महिन्यात फूड कोर्टच सुचवते.

भारतीय दुकानं तुम्ही पाहिली असतीलच. त्यातली बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात, हिंदी समजते, आणि ‘शाकाहारी’ म्हटलं की पुढे काही बोलावं लागत नाही. ताटाबाहेर लोंबणारा गोडसर नान हा जपानी गिऱ्हाइकांच्या आवडीने घडलेला प्रकार आहे, त्यात अंडं आहे का ते विचारा. ग्रेव्ही सगळ्यांना एकच वापरतात का, हेही. तोक्योच्या पूर्वेला निशी-कासाइमध्ये आपली वस्ती मोठी आहे, घरगुती चवीसाठी तिकडे एखादी चक्कर मारा. पण दर रविवारी तेच करू लागलात तर मुलीला जपान कधी दिसणार, असं मी माझ्या लोकांना विचारते. हा माझा आग्रह समजा, नियम नाही.

आता एक युक्ती, आणि तिच्यातलं भोक. जवळजवळ सगळ्या मोठ्या साखळ्या आपल्या संकेतस्थळावर ॲलर्जीचा तक्ता देतात. पाकीटबंद पदार्थांना कायद्याने काही घटक लिहावेच लागतात (अंडं, दूध, गहू, सोबा, भुईमूग, कोळंबी, खेकडा, अलीकडे अक्रोडही). हॉटेलांना ती सक्ती नाही, पण साखळ्या स्वखुशीने त्याच्या पुढे जाऊन शिफारस केलेले घटकही दाखवतात, आणि त्यात गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी आणि जिलेटिन येतं. म्हणजे घरी बसून, फोनच्या भाषांतराच्या ॲपने, कुठल्या पदार्थात चिकनचा अर्क लपला आहे हे तुम्हाला कळतं. ‘निकु’ हे मांसाचं अक्षर ओळखायला शिका: खालून उघडी चौकट आणि तिच्यात एकावर एक दोन माणसं. भोक असं की कात्सुओ मासा या यादीत नाही. बांगड्याच्या जातीचा साबा आणि सामन आहेत, कात्सुओ नाही. त्यामुळे तक्त्यात सगळे रकाने कोरे असूनही पदार्थात दाशी असू शकतं. तक्ता दुसऱ्या पायरीपर्यंत नेतो, तिसरीसाठी तोंड उघडावं लागतं.

तोंड कसं उघडायचं? ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढंच सांगू नका. समोरचा मान डोलावतो आणि टूना घातलेलं सॅलड आणतो, कारण त्याच्या हिशेबात मासा मांसात येत नाही. नावं घेऊन विचारा. ‘निकु तो साकाना ओ त्सुकात्ते इनाइ मेन्यू वा आरिमासु का?’ म्हणजे मांस आणि मासा न वापरलेलं काही आहे का. तुम्ही ‘हे काढा’ म्हणत नाही, ‘काय आहे’ विचारता. माझ्या अनुभवात इथेच सगळा फरक पडतो. पहिल्या प्रश्नावर हॉलमधल्या माणसाला नकार द्यावा लागतो, दुसऱ्यावर तो मेन्यू उघडून शोधू लागतो. मग ‘कात्सुओ नो दाशी वा हाइत्ते इमासु का?’ आणि वरून पडणाऱ्या वस्तूसाठी ‘कात्सुओबुशी नुकी दे ओनेगाइशिमासु’. हे फोनमध्ये जपानी लिपीत लिहून ठेवा आणि दाखवा. उच्चारापेक्षा वाचलेलं पक्कं पोचतं.

काही जण सल्ला देतात की सरळ ॲलर्जी आहे म्हणून सांगा, मग ते गंभीरपणे घेतात. नका सांगू. ॲलर्जी म्हटलं की किचनमध्ये वेगळी प्रक्रिया सुरू होते: व्यवस्थापकाला बोलावतात, तक्ता आणतात, भांडी-तेल सामायिक असल्याचं सांगतात, आणि शेवटी बहुतेक वेळा ‘आम्ही खात्री देऊ शकत नाही’ म्हणून नम्रपणे नकार देतात. मग त्याच तेलात तळलेले फ्राइजही तुमच्यासाठी बंद. मी त्या बाजूला उभी राहिले आहे. एका खोट्या ॲलर्जीने गर्दीच्या वेळी अख्खं किचन थांबतं. खरी ॲलर्जी असेल तर मात्र जरूर सांगा, आणि आधी सांगा.

मुलीसाठी घरून डबा नेऊन रेस्टॉरंटमध्ये उघडणं टाळा. बाळाचा तयार आहार बहुतेक ठिकाणी चालवून घेतात, पण सहा वर्षांच्या मुलीसाठी पोळीचा रोल चालणार नाही. डबा असेल तर बाग उत्तम. वाटून खायचं असेल तर फॅमिली रेस्टॉरंटमध्ये छोट्या ताटल्या, तोरिझारा, मागा, कोणी काही म्हणत नाही. दहा खुर्च्यांच्या दुकानात मात्र मोठ्या माणसाने माणशी एक पदार्थ घ्यायचा असतो. खुर्ची अडवली की त्याचं नुकसान होतं. उरलेलं बांधून मिळेल असं गृहीत धरू नका. अन्नातून विषबाधा झाली तर जबाबदारी दुकानावर येते, म्हणून बरेच जण नाही म्हणतात.

ऑफिसचं जेवण. दुपारचं सोपं आहे: बोलावणं आलं की ‘कुठे?’ एवढं विचारा, आणि पुढच्या वेळी तुम्हीच जागा सुचवा. तुम्ही स्वतः चिकन खाता, म्हणजे तेइशोकुच्या, थाळीसारख्या जेवणाच्या दुकानात तुमचं आरामात भागेल. एखादा दिवस तुम्ही डबा खाणार असलात तरी कोणाला वाईट वाटत नाही. संध्याकाळच्या पार्ट्या, विशेषतः डिसेंबरची वर्षअखेर आणि मार्च-एप्रिलमधले निरोप-स्वागत, या इझाकायात होतात आणि जेवण आधीच ठरलेल्या कोर्सचं असतं. ज्या सहकाऱ्याकडे व्यवस्था आहे त्याला बुकिंगच्या आधी सांगा. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर तो बिचारा रात्रभर अपराधी चेहऱ्याने बसतो. इझाकायात शाकाहारी माणसाचं, खरं सांगायचं तर, फॅमिली रेस्टॉरंटपेक्षा बरं जमतं: एदामामे म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, काकडी, थंड टोमॅटो, कीस न घातलेला थंड तोफू म्हणजे हियायाक्को, भाजलेले मशरूम, उमेबोशी हे आंबट-खारट फळाचं लोणचं घातलेला भाताचा गोळा. तळलेला आगेदाशी तोफू मात्र नको, तो दाशीतच बसलेला असतो.

इझाकायात बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी येते, ओतोशी. ती बसण्याची फी समजा, बहुधा माणशी ३०० ते ५०० येन, आणि त्यात मासा असला तरी बिलात राहते. मुलीला घेऊन जात असाल तर दारावरची धूम्रपानाची पाटी बघा. एप्रिल २०२० पासून हॉटेलांत आत धूम्रपानाला बंदी आहे, पण काही लहान जुन्या दुकानांना सूट आहे, आणि जिथे सूट आहे तिथे वीस वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही.

पैशांबद्दल दोन-चार फुटकळ गोष्टी. बसून खाल्लं तर कर १० टक्के, बांधून नेलं तर ८, हे ऑक्टोबर २०१९ पासून. मेन्यूवर दोन किमती छापलेल्या असतात आणि ठळक असते ती बहुधा कराआधीची. टिप नाही. बिल टेबलावरची चिठ्ठी घेऊन दाराजवळच्या काउंटरवर भरायचं. दारातच तिकिटाचं मशीन असेल तर आधी पैसे, मग खुर्ची. जुनी मशिनं फक्त हजाराच्या नोटा घेतात, आणि त्यातली काही जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटाही घेत नाहीत, म्हणून थोडी नाणी जवळ असू द्या. ‘सुमिमासेन’ मोठ्याने म्हणून बोलावणं इथे उद्धटपणा नाही. टेबलावर बटण असेल तर हाकही मारायला नको, ते दाबा.

राहिल्या तुमच्या आई. कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसासाठी इथे एकच परंपरा पूर्ण जुळते, ती बौद्ध मंदिरांची शोजिन र्योरी. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसणासारख्या उग्र भाज्याही वर्ज्य, आणि दाशी कोम्बू आणि शिइताकेचं. पण ते आधी बुकिंग करून, निवांत, थोडं महाग जेवण आहे. एकदा कामाकुराला किंवा क्योतोला जाल तेव्हा करा, दर आठवड्याला नाही. मोस बर्गर या बर्गरच्या साखळीने २०२० मध्ये आणलेला ग्रीन बर्गर याच नियमांवर, प्राणिज घटक आणि त्या उग्र भाज्या टाळून बनवलेला होता. तुमच्याजवळच्या शाखेत तो सध्या मिळतो का आणि घटक तेच आहेत का, हे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. रोजच्यासाठी मी असं करते: अशा पाहुण्यांचं मुख्य जेवण घरी, आणि बाहेर जायचं ते किस्सातेनमध्ये अझुकीचा टोस्ट, दांगो (तांदळाच्या पिठाचे गोड गोळे), फळं, मात्चा आइस्क्रीम यासाठी. प्रवासात नुसत्या मिठाचा भाताचा गोळा, शिओमुसुबी, मागच्या बाजूचे घटक वाचून घ्या, कारण काहींत कोम्बूचा तर काहींत माशाचा अर्क असतो. आईंचं बाहेरचं खाणं याहून ताणू नका. त्या महिन्याभरासाठी येतील, त्यांना जपानमधले साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायचे असतील.

कावासाकीत तुमचं स्टेशन कुठलं ते कळवलंत, आणि वहिनी दुसऱ्या पायरीवर आहेत की तिसऱ्या, तर त्या भागातली चार दुकानं तक्त्यांसकट बघून सांगते.